परवाची वेळ

सकाळी आमच्या घरात सगळ्यांना एकच वस्तू सापडत नसते, ती म्हणजे मी. ह्यांना मोज्याचा दुसरा पाय हवा असतो, सासूबाईंना त्यांच्याच कपाळावर चढवलेला चष्मा हवा असतो, आणि गॅसवरचं दूध तर मी मान कधी वळवते याचीच वाट बघत असतं. त्या दिवशीही माझा एक डोळा दुधावर आणि एक हात धुतलेल्या कपड्यांच्या ढिगात होता, तेवढ्यात दार वाजलं. बेल नाही. कुणीतरी बोटांनी हलकेच टकटक केली, जणू घरात आजारी माणूस झोपलंय.

"बघ गं कोण आहे ते," सासूबाई म्हणाल्या. दाराला लागूनच त्यांची खुर्ची आहे, पण दार उघडण्याचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे.

दारात तिशीच्या आसपासची एक बाई उभी होती. केस घट्ट बांधलेले, खांद्यावर मोठी चौकोनी बॅग, आणि भुवया इतक्या रेखीव की बाकीचा चेहरा आपण नंतर बघावा.

"वहिनी, खालच्या औषधाच्या दुकानामागची खोली मी घेतलीय. पार्लरसाठी. म्हणजे पार्लर अजून दिसत नाही, पण होईल. ओळख म्हणून एकेकदा सगळ्यांच्या भुवया फुकट करून देते. तुमची गडबड असेल तर परवा येते."

मागे फस्सकन आवाज झाला. मी धावले. गॅस बंद करून वळते तर ही बॅग बाहेरच ठेवून आत आलेली, आणि ओट्यावरचं फडकं घेऊन दूध टिपायलाही लागलेली. "माझ्यामुळेच गेलं," असं पुटपुटत तिने बर्नरच्या खालची जागासुद्धा पुसली, जी मी एरवी पाहुणे येणार असतील तरच पुसते.

"फुकट म्हणालीस ना?" सासूबाईंनी खुर्चीतून विचारलं. "मग हिचं राहू दे. माझी हनुवटी कर आधी. दोनच केस आहेत, पण जावई समोर बसला की मला तेच आठवतात."

ती हसली. हात धुऊन तिने दोरा काढला आणि त्याचं एक टोक दातात धरलं. दोरा दातात असला की बोलता येत नाही, आणि समोरचा बोलू शकत नाही अशी संधी सासूबाई कधी सोडत नाहीत.

"नवरा काय करतो?"

"ऊं."

"सासू आहे का?"

"ऊं ऊं."

"नाहीये? नशीबवान आहेस," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. तोपर्यंत त्यांच्या हनुवटीचे दोन्ही केस गेले होते आणि त्यांना कळलंही नव्हतं. हात सुरेख होता तिचा. खरं सांगायचं तर मला त्या सकाळीच वाटलं, हिचं चालणार.

चहा काही तिने घेतला नाही. अजून वरचे मजले राहिलेत म्हणाली.

पुढे मी तिच्याकडे जायला लागले, आणि तिची हकीगत मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेली. तोंडावर लेप, डोळ्यांवर ओल्या कापसाच्या घड्या, अशा अवस्थेत आपण नुसतं "हं" म्हणू शकतो. बोलायला याहून चांगला श्रोता नाही. वडिलांनी अंथरूण धरलं तेव्हा तिची शाळा सुटली आणि ती एका मोठ्या पार्लरमध्ये लागली. आधी जमिनीवरचे केस झाडायचे, मग टॉवेल धुवायचे, मग डोकी धुवायची, आणि असं करत करत चेहऱ्यापर्यंत पोहोचायचं. पार्लरच्या मालकिणीला सगळ्या मॅडम म्हणत. मॅडमनीच तिला सगळं शिकवलं, आणि हे ती कधी विसरली नाही.

"मग सोडलंस का?" एकदा लेप धुतल्या धुतल्या मी विचारलं.

"एक बाई फोनवर माझंच नाव घेऊन विचारत होत्या. मॅडम म्हणाल्या, तीच कशाला हवी, हात सगळे सारखेच." टॉवेलची घडी घालत ती सांगत होती. "वाईट मनाने नाही म्हणाल्या. धंद्यात तसं बोलावंच लागतं. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही."

नवरा शाळेची बस चालवतो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, खोलीचं भाडं शाळेला सुट्टी लागेपर्यंत मी बघतो. सुट्टीत माझाच पगार अर्धा होतो, तेव्हा पुढचं तुझं तू बघ. मॅडमही रागावल्या नाहीत. "सुट्टीपर्यंत तुझ्या जागी कुणाला घेत नाही," म्हणाल्या, "नाही जमलं तर ये परत." म्हणजे तिचं सगळं त्या सुट्टीवर येऊन ठेपलं होतं. तोवर खोलीने स्वतःचं भाडं काढलं तर पार्लर राहणार, नाहीतर पुन्हा मॅडम, आणि पुन्हा सगळे हात सारखे.

गाठीला होतं नव्हतं ते मागेपुढे होणाऱ्या बेडमध्ये आणि वाफेच्या मशीनमध्ये गेलं होतं. आरसा तिने एका बंद पडलेल्या सलूनमधून आणला होता, भिंतभर मोठा. त्याच्यावर रंगाने लिहिलेलं सगळं तिने ब्लेडने खरवडून काढलं होतं, फक्त खालच्या कोपऱ्यात 'दाढी' हा शब्द काही केल्या निघेना. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं. माझ्यासारख्यांना कळायला नको, सोय आहे म्हणून?"

आता तिच्या एका सवयीबद्दल. आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींनी बऱ्याच वर्षांनी एकत्र जमायचं ठरवलं होतं. दुसऱ्याच दिवशी जायचं होतं, म्हणून सकाळी भांडी आवरून मी तिला फोन लावला.

"आज होय? आज नाही हो जमणार, वहिनी," ती म्हणाली. "थांबा हं, बघते..." मग पानं चाळायला पुरेल इतका वेळ ती गप्प राहिली. "परवा दुपारी चालेल?"

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिच्या खोलीचं दार सरळ खाली दिसतं. मी खिडकीशीच उभी होते. ती दाराच्या पायरीवर बसली होती. कानाला फोन, पायाच्या अंगठ्यावर चप्पल अडकवून झुलवणं चाललेलं, आणि बघत होती ती समोरच्या भिंतीवर पसरलेल्या मांजराकडे.

कुणी यायचं असेल, थकली असेल, पायरीवर बसायचा माणसाला हक्क आहेच की. पण परवा चेहरा उजळून मी तो दाखवणार कुणाला, कुकरला? "परवा? मग राहू दे आता," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली. फोन बंद झाला तरी ती बराच वेळ तो हातात धरून बसलेली मला वरून दिसत होती.

"काय म्हणते तुझी परवा?" ह्यांनी बूट घालता घालता विचारलं. तेव्हापासून आमच्या घरात तिचं नावच परवा पडलं.

मग माझं लक्ष तिच्या टॉवेलांकडे गेलं. खोलीमागच्या दोरीवर रोज सकाळी गुलाबी टॉवेलांची ओळ लागलेली असायची. सासूबाई बाल्कनीत ऊन खात बसत आणि कौतुक करत, "पोरीचा धंदा जोरात दिसतोय. रोज एवढे टॉवेल धुवायचे म्हणजे काय!" पण कपडे धुण्यात आणि वाळत घालण्यात माझी हयात गेलीय. वापरलेला टॉवेल धुतला तरी ओळखू येतो. लेपाची पिवळट कड राहते, पिळल्याच्या सुरकुत्या राहतात. ह्या टॉवेलांवर दुकानातल्या घड्यांच्या रेघा होत्या, उभी एक, आडवी एक, जशाच्या तशा. नुसते पाण्यात बुडवून दोरीवर टाकले होते.

सासूबाईंना मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी बाल्कनीतूनच तिला हाक मारून विचारलं असतं.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. त्या शाळेत शिकवतात, म्हणून सगळ्या त्यांना बाईच म्हणतात. "तुमच्या त्या मुलीला वेळच नसतो हो," त्या म्हणाल्या. "मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा परवा. शेवटी चौकातल्या पार्लरमध्ये जाऊन आले. तिथे बसल्या बसल्या करतात. पण चांगलं चाललंय हं तिचं. कष्टाळू आहे." औषधाच्या दुकानातल्या काकूंनीही मला जवळजवळ हेच ऐकवलं, आणि त्यांच्या भुवयाही चौकातल्याच होत्या. कुणीच तिच्यावर रागावलं नव्हतं. सगळ्या तिची तारीफ करत होत्या आणि पैसे चौकात देऊन येत होत्या.

मला राहून राहून एक गोष्ट वाटायची. घरी असलेल्या बाईला जग कायम मोकळी समजतं. गॅसवाला येणार असेल तर "तू आहेसच ना घरी", कुणाच्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं असेल तरी "तू आहेसच ना". आम्ही घसा फोडून सांगतो की आम्हाला वेळ नाही, आणि कुणाला ते पटत नाही. आणि इथे ही, जिला खरोखर दिवसभर काम नव्हतं, तिने एकदा "वेळ नाही" म्हटलं की सगळ्यांना लगेच पटत होतं. हातात बॅग आणि दारावर पाटी असली की त्याच दोन शब्दांना केवढं वजन येतं! मला तिचा थोडा हेवाही वाटला असेल. पण दोरीवरचे ते कोरे टॉवेल दिसले की हेवा उतरायचा.

अशात सासूबाईंच्या टाचेची भेग चिरली आणि चादरीला रक्त लागलं.

"परवाला फोन लावते," मी म्हटलं.

"फोन नको. ती परवाचं सांगेल. माझ्या वयाच्या माणसाला परवाचं काय सांगायचं?" असं म्हणून त्यांनी चपला घातल्यासुद्धा. एकेका पायरीवर थांबत आम्ही खाली गेलो.

दार नुसतंच लोटलेलं होतं. ती बेडवर बसली होती, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, नडगीवर वॅक्स लावलेलं. आम्ही आत शिरायला आणि तिने पट्टी फर्रकन ओढायला एकच गाठ पडली. पट्टीवर एकही केस नव्हता. पायावरही नव्हता, फक्त कातडी लालबुंद झाली होती.

"सराव करत होते," ती घाईघाईने पायजमा खाली ओढत म्हणाली.

"अगं, साल सोलतेस का स्वतःची?" सासूबाई म्हणाल्या.

"बसा ना मावशी. आत्ताच एकजणी उठून गेल्या, म्हणून जरा..."

"कुठून गेल्या? आम्ही समोरूनच आलो. आम्हाला मांजराशिवाय कुणी भेटलं नाही."

तिने टबात गरम पाणी ओतलं, त्यात मीठ टाकलं, कोपराने पाणी तपासलं आणि सासूबाईंचे पाय उचलून आत ठेवले. मान खाली घालूनच तिने बोलायला सुरुवात केली. चेहऱ्याकडे बघायचं नसलं की पायांचं काम बरं पडत असावं.

"काल औषधवाले काका आले होते. म्हणाले, तुझ्याकडे उभं राहायला जागा नसते असं ऐकलं, पुढच्या महिन्यापासून भाडं थोडं वाढवू या."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"काय म्हणणार? गर्दी नाही असं म्हणू?" ती टाच घासत होती. "आणि परवा नणंद आली. उसने पैसे मागत होती. मला म्हणाली, वहिनी, तुझं तर काय जोरात आहे. नाही म्हटलं असतं तर गावभर सांगत सुटली असती, पैसा आला आणि भावजय बदलली."

"दिलेस की काय?"

"नवऱ्याकडून घेऊन दिले."

"आई गं!" सासूबाई ओरडल्या, कारण ती बोलता बोलता जोरात घासायला लागली होती.

"चुकलं, मावशी." तिने हात हलका केला. "तो काही म्हणत नाही हो. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं. कालपासून त्याच्या बसमध्ये मुलं सुट्टीची गाणी म्हणायला लागलीत. घरी येऊन मला ते हसत हसत सांगतो, आणि मग आम्ही दोघं टीव्ही बघत बसतो."

"आणि तुझ्या मॅडम?"

"त्यांचा फोन आला होता. येतेस का म्हणून विचारत होत्या."

"काय सांगितलंस?"

तिने टबातलं पाणी उगीचच ढवळलं. मग ओठ दाबत म्हणाली, "परवा सांगते म्हटलं."

आधी सासूबाई हसल्या. मग मला आवरेना, आणि मग तीही हसायला लागली, ती थेट डोळे पुसेपर्यंत. हात ओले असल्यामुळे तिने ते खांद्याला पुसले.

"पण सांगत का नाहीस सरळ, की ये म्हणून?" मी विचारलं.

"मॅडमनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. गिऱ्हाइकाला लगेच ये म्हणायचं नाही. थांबवायचं, म्हणजे त्याला वाटतं इथे काहीतरी आहे. लगेच मोकळी म्हटलं की लोक म्हणणार, हिच्याकडे कुणी येत नाही म्हणजे हिला काही येत नसणार." तिने वर बघितलं. "खरं सांगा वहिनी, रिकाम्या दुकानात तुम्ही गेला असतात?"

मी "हो, का नाही" म्हणायला तोंड उघडलं, आणि मला भाजीवाले आठवले. दोन गाड्या शेजारी उभ्या असल्या तर चार बायका उभ्या आहेत तिकडेच आपले पाय वळतात, कुजकी मिळाली तरी.

"अगं, पण तुझ्या त्या मॅडमकडे खरीच रांग होती," सासूबाई म्हणाल्या. "आत चार माणसं बसलेली असली की पाचव्याला थांब म्हटलेलं शोभतं. तू कुणाला थांबवतेस? त्या मांजराला?"

टाचेवर फिरणारा तिचा हात थांबला होता, आणि ती आरशाकडे बघत होती. आरशात आम्ही तिघी, टब, तो बेड आणि कपाटात रचून ठेवलेले टॉवेल, एवढंच होतं. हा हिशोब तिने आधीही कितीदा तरी केला असणार. फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

"मला वाटलं होतं, एकदा नाव झालं की सोडून देईन ही सवय," ती म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने ओल्या हातांनीच वाकून बघितलं. "वरच्या बाई आहेत."

"घे," सासूबाई म्हणाल्या. "आणि म्हणावं, ये. आत्ता ये. मी सरकून बसते."

मीही मान हलवली. तिने हात पुसले, उगीचच केस मागे घेतले आणि फोन कानाला लावला.

"हॅलो. हो बाई, बोला ना... आज?" तिने माझ्याकडे बघितलं. मी पुन्हा मान हलवली. सासूबाई टबातला पाय वर उचलून दाराकडे दाखवत होत्या, पाणी जमिनीवर गळत होतं. "आज होय..." तिने नजर वळवली. "थांबा हं, बघते."

सासूबाईंचा पाय तसाच हवेत होता.

"परवा दुपारी चालेल?"

पलीकडून बाई काहीतरी म्हणाल्या. "बरं, बरं. नाही नाही, काही हरकत नाही," असं म्हणून तिने फोन बेडवर ठेवला, तोही पालथा. सासूबाईंनी पाय पुन्हा पाण्यात सोडला. भिंतीपलीकडे औषधाच्या दुकानात कुणीतरी खोकल्याच्या गोळ्या मागत होतं, ते स्वच्छ ऐकू येत होतं.

ती खाली बसली. सासूबाईंचा पाय मांडीवर घेऊन तिने बोटांच्या मधली जागा एकेक करून टिपली, टाचेला मलम लावलं आणि वर पट्टी बांधली.

"बघितलंत ना?" ती म्हणाली. "मनात 'या' असतं आणि तोंडात ते येतं."

"होईल सवय," मी म्हटलं.

"होईपर्यंत सुट्टी लागेल." तिने पट्टीचं टोक आत खोचलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "वहिनी, माझं एक काम कराल? आता वर गेलात की बाईंना सांगा. काकूंना सांगा, आणखी कुणी भेटलं तर त्यांनाही सांगा. मी मोकळी असते. आज, आत्ता, कधीही आलं तरी चालेल. माझ्याच्याने ते बोलवत नाही. तेवढं माझ्या वतीने तुम्ही सांगा."